मदत हवी आहे : कोल्हापूरच्या शहर बससेवेसाठी निवेदन

नमस्कार मंडळी. नवरात्र, सुट्ट्या आणि शनिवार-रविवार या काळात अंबाबाईच्या दर्शनासाठी येणाऱ्या गाड्यांमुळे मंदिर परिसरात चालणेही अवघड होते, म्हणून आम्ही काही रहिवासी शहर बससेवा सुधारण्याबाबत एक निवेदन तयार करत आहोत आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मागच्या नवरात्रात कर्नाटकातून आलेले एक वृद्ध जोडपे थांब्यावर बराच वेळ उभे होते. बसची पाटी मराठीत, आकडेही देवनागरीत, त्यामुळे मंदिराकडे जाणारी बस त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली आणि शेवटी ते रिक्षात बसले. आजींच्या हातातली ओटीची पिशवी अजून आठवते. पाट्यांवर कन्नड आणि इंग्रजी मजकूर असावा, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची आहे. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर थांबवून तिथून सुमारे 4 किलोमीटर पर्यटकांना एसटीच्या बसने लेण्यांपर्यंत नेतात. तशीच सोय शहराबाहेर वाहनतळ करून इथे, किमान गर्दीच्या दिवसांत, करता येईल असे मला मनापासून वाटते. रंकाळा, न्यू पॅलेस, जोतिबा आणि पन्हाळा यांसाठी एकच दिवसाचा पासही हवा.

अशा पासच्या दरासाठी कोणाची मंजुरी लागते? जोतिबा आणि पन्हाळा शहराच्या हद्दीबाहेर असल्याने एसटीशी वेगळा करार करावा लागेल का? कोणी असे निवेदन पूर्वी दिले असल्यास त्याचा मसुदा कृपया पाठवावा.