‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर: दुसरा शब्द आहे का?

लिंबोणी
नदीकाठच्या गावांत वाटायच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण करतेय. त्यात ‘हंड्रेड इयर फ्लड’ पानोपानी येतं. मी ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असं केलं. सरकारी कागदांतही तेच असतं: पाणी कुठवर येईल ते नकाशावर दाखवणारी निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. मजकूर सांगलीच्या मामांना वाचायला पाठवला, तर त्यांचा फोन: “अगं, २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. म्हणजे मी तीनशे वर्षांचा झालो की!” मूळ अर्थ असा की तेवढा पूर कुठल्याही एका वर्षी यायची शक्यता एक टक्का. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, आला एकदाचा, आता नातवंडांनी बघावं. सुटसुटीत शब्द सुचवा.

अनुस्वार
शतवार्षिक पूर. संपला विषय.

कट्ट्यावरचा
वर्गणी किती?

अनुस्वार
थट्टा सोपी असते. ‘पंचवार्षिक योजना’ म्हटलेलं चालायचं, मग हे का नाही?

लिंबोणी
अहो, पंचवार्षिक म्हटलं की पाच वर्षांनी नेमानं येणारं. तीच तर अडचण आहे.

बेरीजवजाबाकी
‘एक टक्क्याचा पूर’ म्हणा. तीस वर्षं एका घरात राहिलात तर तो निदान एकदा बघायची शक्यता २६ टक्के निघते. ०.९९ तीस वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि तो एकातून वजा करायचा. शिवाय तो एक टक्का काढलेला असतो जुन्या नोंदींवरून. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनं वाढले. तुम्ही शब्द शोधताय, इथे ‘शंभर’ हा आकडाच शिळा झालाय.

अनुस्वार
‘अतिवृष्टी’ जरा जपून वापरा. महसुली भाषेत २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला ५९० च्या वर पडला, तीही अतिवृष्टीच. शब्दानं किती ओझं उचलायचं?

बांधावर
६५ चं नाव काढू नका. एका साली आमच्या महसूल मंडळात ६३ भरले आणि शेजारच्या मंडळात ६८. मधे एक बांध. त्यांच्या सोयाबीनचा पंचनामा झाला, आमचं सोयाबीन तसंच पाण्यात उभं. मोजायचं यंत्र आमच्या शेतापासून नऊ किलोमीटरवर.

मळीकाठ
मी शिरोळ भागातला. आमच्याकडं ‘किती मिलिमीटर’ असं कोण विचारत नाही. ‘पाणी कुठवर आलंय’ विचारतात. चढतंय, थांबलंय का उतरतंय, एवढंच. आणि पूर वेगळा, फूग वेगळी. पूर पळतो. फूग बसती. खालनं पाणी पुढं सरकत नाही, मग नदी मागं दाटती, ओढ्यातनं उलटी रानात शिरती. आवाज नाही, काय नाही. सकाळी उठून बघतोय तर गोठ्याच्या उंबऱ्याशी पाणी, नुसतं तवंग धरून उभं. पळत्या पाण्यात ऊस आडवा होतो पण वाचतो. फूग आठवडाभर बसली आणि शेंड्याच्या पोंग्यात गढूळ पाणी गेलं, की मग ऊस गेला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर वडलांनी विटेच्या तुकड्यानं रेघ मारून साल लिहिलंय. २०१९ ची रेघ बटणाच्या बोर्डाच्या वर हातभर, २०२१ ची बोर्डाला टेकून. दोनदा रंग दिला. ती जागा सोडूनच देतोय.

अनुस्वार
‘फूग’ कशाला? ‘फुगवटा’ आहे की प्रमाण भाषेत.

मळीकाठ
फुगवटा धरणाचा, पेपरातला. फूग आमची. तुम्ही पाण्यात कधी उभारलाय काय, काका?

जुना पुणेकर
आमच्या घरात ‘पूर’ म्हटलं की एकच, १२ जुलै १९६१ चा. विशेषण लागत नाही. आई भांड्यांचीही वाटणी करायची: पुराच्या आधीची आणि नंतरची.

अनुस्वार
पानशेतची ती धरणफुटी. तिला पूर म्हणणं चूक.

जुना पुणेकर
हे तुम्ही माझ्या आईला सांगायला हवं होतं.

कट्ट्यावरचा
फुटीवरून आठवलं. ‘ढगफुटी’ हे ‘क्लाउडबर्स्ट’चं भाषांतर ना? आधी लोक काय म्हणत?

बांधावर
आभाळ फाटलं.

बेरीजवजाबाकी
आभाळ फाटण्याला व्याख्या नाही. ढगफुटीला आहे: छोट्या टापूत तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ आणि तिथून फार लांब नसलेल्या कुलाब्याला ७३. तेव्हापासून पेपरवाले छत्री उलटली तरी ढगफुटी छापतात.

पेडण्याची
आमच्या कोंकणीत पुराला ‘हुंवार’. म्हणताना तोंडात पाणी घुसल्यासारखं वाटतं. मराठीनं उसना घ्यावा.

अनुस्वार
‘पूर’ काय वाईट आहे? संस्कृत पूर, भरणे. भरून वाहते ती नदी. त्याच घरातलं पुरणपोळीचं पुरण.

कट्ट्यावरचा
मग कोल्हापूरच्या नावातच पूर आहे म्हणायचा. लोक उगाच धरणाला दोष देतात.

अनुस्वार
तो ‘पुर’ म्हणजे नगर, मुळात ऱ्हस्व. मराठीच्या नियमानं दीर्घ लिहितो. सामान्यरूपात ‘पुरात’, तिथे दोन्ही सारखेच होतात, हे मान्य.

मळीकाठ
२०१९ ला कोल्हापुरात दोन्ही अर्थानं पुरात होतो मी.

आणि ताई, सगळेच पूर वाईट नसतात हेबी पुस्तिकेत घाला. नरसोबावाडीला कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरनं वाहून दक्षिण दारानं बाहेर पडलं की ‘दक्षिणद्वार सोहळा’. लोक अंघोळीला येतात. चढता सोहळा आणि उतरता सोहळा असं दोन्ही असतंय. तिथं कोण शंभर वर्षं मोजत नाही.

लिंबोणी
मामांना ‘एक टक्क्याचा पूर’ वाचून दाखवला. ते म्हणाले, “एकच टक्का? मग कशाला भ्यायचं?” आता ‘लाल रेषेचा पूर’ असं घालून खाली अर्थ लिहावा म्हणते. छापखान्याला उद्या द्यायचंय.

बांधावर
‘रेषे’चा कशाला? रेघ म्हणा. गावात रेषा फक्त हातावर असते.

अनुस्वार
शासन निर्णयात ‘पूररेषा’ आहे. पूररेघ म्हणणार का?

मळीकाठ
आमच्या भिंतीवर हाय की, पूररेघ.

कट्ट्यावरचा
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गेलीय ती लाल आहे, असं नकाशा बघून आलेले म्हणतात. बिल्डर म्हणतो निळी.

पेडण्याची
हुंवारचं काय ठरलं?