मदत हवी आहे: दादा सोमवारपासून दारू एकदम बंद करतो म्हणतोय

कोरा कागद
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. ओळख कळू नये म्हणून हा नवा आयडी घेतलाय, समजून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४६. गेली बाराएक वर्षं रोज पितो. आधी फक्त रात्री, आता सकाळीही. तमाशा नाही, मारहाण नाही, पगार घरी येतो, त्यामुळे आम्हीही 'पितो, पण सांभाळून पितो' म्हणत राहिलो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे मुक्कामाला होते. सकाळी तो कामावर निघत होता आणि शर्टाचं वरचं बटण काही केल्या लागेना. बोटं नुसती काजाभोवती फिरत होती. मी लावून द्यायला गेले तर हात झटकून आत गेला आणि दोन मिनिटांनी बाहेर आला तो सगळी बटणं लावून. तोंडाला वास. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

परवा आपणहून म्हणाला, "सोमवारपासून बंद. आठवडाभर खोलीतून बाहेर येत नाही, घरातल्या बाटल्या ओतून टाका." वहिनीला आनंदाने रडू फुटलं. घरच्यांचं म्हणणं, एवढं मनावर घेतलंय तर आता फाटे फोडू नकोस. पण दोन वर्षांपूर्वी आजारपणात तो घेत नव्हता, तेव्हा तिसऱ्या दिवशी 'किडे, किडे' करत रात्रभर चादर झटकत बसला होता. ताप डोक्यात गेला असं समजून आम्ही विषय सोडून दिला. तसंच पुन्हा झालं तर?

शिवाय ओळखीतल्या एका बाईंनी जेवणात गुपचूप कालवायची पावडर सुचवलीय. द्यावी का? आणि डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं की "मी काय बेवडा आहे का?" म्हणून उखडतो, त्याला काय उत्तर देऊ? जाणकारांनी कृपया सांगावं.

सरळसोट
सगळा मनाचा खेळ आहे. माझ्या मामांनी एका दिवसात सोडली, आजतागायत थेंब नाही. करू द्या त्याला.

रात्रपाळी
सरळसोट, मामांचं कौतुक आहे, पण हा सल्ला या माणसाला देऊ नका.

ताई, मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. 'स्वतःच्या मनाने सोडली' म्हणणारे पेशंट तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येतात. असं समजा, कोणी रोज बाहेरून दार रेटतंय आणि आतला माणूस तितक्याच जोराने उलट रेटतोय. बाहेरचा अचानक बाजूला झाला की आतला तोंडावर आपटतो. दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दारू तुटली की तो जोर मोकाट सुटतो. सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भास, भ्रम, ताप आणि वाढलेला रक्तदाब. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि ते जिवावर बेततं. तुमच्या दादाचे तिसऱ्या दिवशीचे किडे बहुधा हेच होते. एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता जास्त, आणि दर वेळी सोडताना त्रास वाढत जाऊ शकतो.

म्हणून बंद खोलीत आठवडा अजिबात नको. त्याला भरती करून सोडवा. तिथे बेन्झोडायझेपिन गटाची, म्हणजे मेंदू शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, शिवाय थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ऐकायला विचित्र वाटेल, पण डॉक्टर भेटेपर्यंत बाटल्या ओतू नका. फिट आली, बरळायला लागला किंवा माणसं ओळखेना, तर सोमवारची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. आणि तिथे 'रोज पितो' हे पहिल्या वाक्यात सांगा. लोक नेमकं तेच लपवतात.

आठवं वर्ष
पावडरीबद्दल मी सांगतो, कारण ती मी खाल्लीय. त्यात बहुतेकदा डायसल्फिराम असतं. १९४८ पासून वापरात असलेलं खरं औषध आहे, वाईट नाही. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं, त्याचा निचरा हे औषध थांबवतं. त्यावर प्यायलं की चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. पिणाऱ्याला ठाऊक असेल तर तो धाक. ठाऊक नसेल तर विषप्रयोग. मी बाथरूमच्या फरशीवर पडलो होतो आणि मला वाटलं हार्ट अटॅक आला. खरं कळल्यावर वर्षभर घरातलं ताट उचललं नाही, स्वतःचं स्वतः रांधून खाल्लं. आणि दारू? ती वाढली.

पुढे सुटली ती समजून-उमजून घेतलेल्या उपचारांनी. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत, ती डॉक्टर यकृत-मूत्रपिंड बघून ठरवतात. आणि १९३५ पासून चालत आलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा. वहिनींसाठीही, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी, तशाच सभा असतात, अल-ॲनॉनच्या. त्यांनी जरूर जावं.

आकडेमोड
'बेवडा' शब्दावर अडू नका, डॉक्टरही तो वापरत नाहीत. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांत व्यसनी आणि बिनव्यसनी असे दोन कप्पेच नाहीत. ११ लक्षणं आहेत. १२ महिन्यांत त्यातली दोन-तीन आढळली तर सौम्य विकार, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार असा विकार असलेले जगात सुमारे ४० कोटी लोक आहेत. दादा एकटा नाही, हे त्याला सांगा. संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ती त्याला स्वतःच भरू द्या. तुम्ही विचारू नका.

आणि एक टोचणारा प्रश्न. सकाळी ती दोन मिनिटं झाल्यावर तो गाडी चालवत कामावर जातो का? त्याच अहवालात आहे, २०१९ मध्ये दारूमुळे झालेल्या रस्ते अपघातांत २ लाख ९८ हजार माणसं गेली. त्यातली १ लाख ५६ हजार दुसऱ्या कोणाच्या तरी पिण्यामुळे. पगार घरी येतो म्हणजे सांभाळून पितो, असं नाही.

रात्रपाळी
+१. किल्ली आजच काढून घ्या.

कोरा कागद
सगळ्यांचे आभार. हो, चालवत जातो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किल्ली काल रात्रीपासून वहिनीकडे आहे, त्यावरून बराच आवाज चढला, पण दिली. पावडर आणलेलीच नाही.

दहा प्रश्नांचा कागद टेबलावर ठेवून मी बाहेर जाऊन बसले. अर्ध्या तासाने त्याने हाक मारली. बेरीज केली नव्हती. सहाव्या प्रश्नावर पेन टेकवून थांबला होता, सकाळी उठल्यावर आधी दारू घ्यावी लागते का, तो प्रश्न. म्हणाला, "हा तू भर. आणि बटणाचं डॉक्टरांना तूच सांग, मला जमायचं नाही."

उद्याची वेळ मिळाली आहे. बाटल्या अजून कपाटातच आहेत, वहिनीला ते पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.