अमेरिकेत कॉलेज बदललेल्या मुलींचं नव्या बास्केटबॉल टीममध्ये खरंच जमतं का?

गोरेगावची_मावशी

माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, अमेरिकेत डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळातला सगळ्यात वरचा स्तर) एका छोट्या प्रोग्रॅममध्ये फुल स्कॉलरशिपवर खेळते, दुसरं वर्ष संपत आलंय. उंच आहे, पोस्टला (बास्केटजवळ) खेळते, मिनिटं बरी मिळतात. आता तिच्या डोक्यात ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असेल तर खेळाडू नाव टाकतात ती यादी) शिरलंय, मोठ्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या लीगमध्ये) जायचं म्हणते. तिच्या बरोबरच्या दोघी-तिघी चालल्यात त्यामुळे हिलाही वाटतंय की आपण मागे राहू. बहीण आणि भावोजी घाबरलेत, त्यांना बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही, मी थोडंफार बघते म्हणून मलाच विचारतात. मोठ्या टीममध्ये गेलेल्या मुलींचं पुढे काय होतं हो? खेळ सुधारतो की बेंचवर बसून वर्षं जातात? ज्यांनी नीट फॉलो केलंय त्यांनी प्लीज सांगा.

नागपाडा_कोर्ट

ताई, हेली व्हॅन लिथचं करिअर भाचीबरोबर बसून बघा, एकाच मुलीत दोन्ही उत्तरं मिळतील. लुइव्हिल कॉलेजला तिसऱ्या वर्षी ती मॅचला १९.७ पॉइंट काढत होती, २०२३ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेली, जी टीम तेव्हा नुकतीच नॅशनल चॅम्पियन झालेली. म्हणजे याहून मोठं नाव कुठलं मिळणार? पण तिथे तिला पॉइंट गार्ड केलं, बॉल आणायचा, सेट लावायचा, बाकीच्यांना खेळवायचं, आणि ती मुळात स्वतः स्कोअर करणारी गार्ड. सरासरी ११.६ वर आली. लोक काय काय बोलले तिला, मला खरंच वाईट वाटायचं, कारण मुलगी तीच होती, मेहनत तीच होती, काम बदललं होतं.

मग २०२४ मध्ये ती टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन) गेली. या टीसीयूकडे त्याच वर्षी जानेवारीत दुखापतींमुळे खेळायला मुली उरल्या नव्हत्या, मॅचेस सोडून द्याव्या लागल्या आणि कॅम्पसवरच्या विद्यार्थिनींच्या ओपन ट्रायल्स घेतल्या, इतकी वाईट अवस्था! तिथे कोच मार्क कॅम्पबेलने तिच्या हातात बॉल दिला, सेडोना प्रिन्ससारखी उंच सेंटर स्क्रीनला दिली (तीसुद्धा टेक्सस, ऑरेगॉन करत आलेली ट्रान्सफरच), आणि पिक अँड रोलवर (सेंटरने डिफेंडरची वाट अडवायची, मग बास्केटकडे वळायचं) अख्खा सीझन काढला. १७.९ पॉइंट, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सची प्लेअर ऑफ द इयर, टीसीयू पहिल्यांदा एलिट एटमध्ये (नॅशनल टूर्नामेंटच्या शेवटच्या आठात). आणि २०२५ च्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टला (प्रो लीगच्या टीम नव्या मुली निवडतात तो) शिकागो स्कायने तिला ११ व्या नंबरला घेतलं. टीसीयूतही पॉइंट गार्डच होती बरं का, पण तिच्या पद्धतीने खेळवली. म्हणून मी तरी म्हणेन टीमचं नाव नंतर, आधी तिला तिथे नेमकं काय करायला लावणार ते विचारा.

पहाटेची_मॅच

वरचं पटतंय पण बेंचवर बसणं म्हणजे वर्ष फुकट असं मी अजिबात म्हणणार नाही. कमिला कार्दोसो बघा. सिरॅक्यूजला पहिल्याच वर्षी १३.६ पॉइंट, तिथली स्टार, आणि २०२१ ला साउथ कॅरोलायनाला आली जिथे तिच्याच जागेवर अलिया बॉस्टन! पहिल्या वर्षी सरासरी पाचच्या आसपास. दोन वर्षं ती बहुतेक बेंचवरूनच यायची, रोज प्रॅक्टिसला बॉस्टनशी भिडायची. बॉस्टन गेली आणि २०२४ च्या फायनलला आयोवाविरुद्ध हिने १५ पॉइंट १७ रिबाउंड काढले, टीम ३८-०, टूर्नामेंटची मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर ही, ड्राफ्टमध्ये तिसरी. तीन वर्षांत दोन टायटल.

भाची पोस्टला खेळते ना, मग लॉरेन बेट्सपण बघा. स्टॅनफर्डला समोर कॅमेरॉन ब्रिंक होती, बेट्सला पहिल्या वर्षी धड दहा मिनिटंही मिळत नव्हती. यूसीएलएला गेली आणि दुसऱ्या सीझनला सरासरी वीसच्या वर, टीम फायनल फोरला. दोघींत फरक इतकाच की एकीने वाट बघितली आणि एकीने रांगच बदलली, आणि दोन्ही बरोबर ठरलं, कारण दोघींच्या जागेवर पुढे कोण आहे आणि ती कधी जाणार हे डोळ्यासमोर होतं.

आणि एंजल रीस आहेच, मेरीलँडहून एलएसयूला, पहिल्याच सीझनला ३४ डबल-डबल (एकाच मॅचला पॉइंट आणि रिबाउंड दोन्ही दहा किंवा जास्त) आणि टायटल. २०२३ ची ती फायनल आपल्याकडे रात्री एक वाजता सुरू झालेली, सोमवारचं ऑफिस असून जागलो होतो. त्यात जास्मिन कार्सननेही, वेस्ट व्हर्जिनियाहून आलेली, बेंचवरून येऊन पहिल्या हाफमध्येच २१ मारले. हायलाइट्स काढून भाचीला दाखवाच.

एफवन_वाला

सगळे खेळावरच बोलताहेत, पण आपल्या मुलींचं गणित अमेरिकन मुलींपेक्षा वेगळं आहे, मी तिथे शिकत असताना हे जवळून बघितलंय म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे पोर्टलमध्ये नाव टाकलं की आताचं कॉलेज पुढच्या टर्मपासून स्कॉलरशिप थांबवू शकतं. नवीन ठिकाणी जागा मिळेलच असं कोणी लिहून देत नाही, आणि २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर (खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्याच्या) बऱ्याच ठिकाणी विमेन्स टीमला १५ जणींची मर्यादा आहे. आणि आपली मुलगी एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असते, स्कॉलरशिप गेली तर घरचे तिथली फी भरू शकणार आहेत का हे आधी बोलून घ्या.

दुसरं क्रेडिट्स. तिसऱ्या वर्षात खेळायला डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण लागतो, चौथ्याला ६० टक्के. नवीन कॉलेजने निम्मे कोर्स धरलेच नाहीत तर मुलगी टीममध्ये असूनही खेळू शकत नाही. आता ट्रान्सफर कितीही वेळा करता येतं, पूर्वीसारखं एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, पण अट तीच, अभ्यासात पात्र पाहिजे. शिवाय सेविस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची तिथली सरकारी नोंद) नव्या कॉलेजकडे वळवायचा, नवीन आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) घ्यायचा. आणि तिथल्या मुली जाहिरातींच्या पैशासाठी पण कॉलेज बदलतात, ते आपल्या मुलींना व्हिसामुळे सहज घेता येत नाही, त्यामुळे मैत्रीण गेली म्हणून हिनेही जावं हे कारण धरू नका.

गोरेगावची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार, क्रेडिट्सचं तर आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. काल रात्री तिच्याशी बोलले. तिच्या टीमची सीनियर सेंटर याच वर्षी बाहेर पडतेय, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे हिलाच मुख्य पोस्ट करणार असं कोच म्हणालेत. तरी तिचं म्हणणं मोठ्या कॉन्फरन्समध्ये समोर तगड्या मुली असतात, तिथेच खेळ वाढेल. चूक आहे असंही वाटत नाही हो मला.

नागपाडा_कोर्ट

चूक नाहीच ताई, उंच मुलीला रोज तेवढीच उंच मुलगी समोर लागतेच. आमच्याकडे मुंबईत हाच प्रॉब्लेम, पोस्टच्या मुलींना प्रॅक्टिसला मुलांशी खेळावं लागतं. पण सेंटर बाहेर पडतेय ही मोठी गोष्ट आहे. मी असतो तर तिला हा एक सीझन तिथेच मुख्य पोस्ट म्हणून काढायला सांगितला असता, मोठ्या टीमविरुद्ध ज्या मॅचेस असतील त्यांचे व्हिडिओ नीट साठवायचे, आणि मग चौथ्या वर्षासाठी पोर्टल, तेव्हा हातात आकडे असतील आणि कोच तिला ठरावीक कामासाठी बोलावतील. मधल्या काळात ॲकॅडमिक ॲडव्हायझरकडे बसून आताचे कुठले कोर्स दुसरीकडे चालतात ते बघून ठेवू दे. तिचे क्लिप्स असतील तर इथे टाका, फूटवर्क बघून सांगतो.