नव्या नोकरीत तुम्ही काय लपवलंत? (अनुभव धागा)

जोडाक्षर
परवा मुलगा सुपरमॅन वाचत बसला होता. मध्येच मान वर करून विचारतो, "बाबा, ह्याला उडता येतं, भिंत फोडता येते, मग हा पेपरात नोकरी का करतो?" म्हटलं, अरे, कुठे आग लागली, कुठे पूल कोसळला, हे पेपरच्या कचेरीत सगळ्यात आधी कळतं. १९३९ च्या अंकात हे कारण दिलेलंच आहे. ते त्याला पटलं. मग पुढचा प्रश्न: "पण मग सगळ्यांसमोर टाइप का एवढं हळू करतो?"

इथे मी गप्प झालो. कारण मी तेच केलंय. सात महिने.

पेपरात लागलो तेव्हा माझ्याकडे मराठी टायपिंगचं, मिनिटाला चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट होतं आणि हात त्याच्याही पुढे पळायचा. अर्जात एक अक्षर लिहिलं नाही. ओळखीच्या एका जुन्या बातमीदाराने बजावलं होतं, "टायपिंग येतं म्हणून सांगू नकोस, जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या बडवत बसशील." म्हणून डेस्कवर दोन बोटांनी टाइप करायचो. वाटतं तेवढं सोपं नाही हो ते. बोटांना आपापलं घर माहीत असतं. 'भ' सापडत नसल्यासारखं करायचं, भलत्याच कळेवर जायचं, तोंडाने 'च्' करायचं, परत यायचं. संध्याकाळी बोटांपेक्षा मानच जास्त दुखायची.

मग एका रात्री ऑपरेटर आला नाही. डाक आवृत्ती (बाहेरगावची) सुटलेली, शहर आवृत्तीचं पहिलं पान अडलेलं, आणि अपघाताची बातमी फोनवर. चीफसब (मुख्य उपसंपादक) रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात धरून एकेक वाक्य मोठ्याने म्हणत होते, मी समोर. दोन वाक्यं दोन बोटांनी झाली. तिसऱ्याला जखमींची नावं सुरू झाली आणि हात आपोआप जागेवर गेले. ते बोलत राहिले, मी टाइप करत राहिलो. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण थांबत नाही आहोत. वळून त्यांनी पडद्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. फोन ठेवला, बातमी छपाईला सोडली, आणि मग म्हणाले, "सात महिने नाटक?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तिघांची कॉपी होती. जुना बातमीदार बरोबर होता.

तुम्ही काय लपवलं होतंत? पेपरातलं असेल तर उत्तम, नसेल तरी लिहा.

घाईत
किती छान लिहिलंय! माझ्याकडे पण आहे एक किस्सा, भारी आहे. मशीन लावलंय, कपडे वाळत घालून आले की लिहिते.

चष्मिश
टायपिंग ठीक आहे, पण नुसत्या चष्म्यावर अख्खी कचेरी फसते हे मला लहानपणापासून पटलेलं नाही. माझी आई फोनवर नुसत्या शिंकेवरून मला ओळखते.

मधली सुट्टी
@चष्मिश, चष्मा नव्हे, खांदे. १९७८ च्या सिनेमात क्रिस्तोफर रीव्ह काय करतो ते परत बघा. क्लार्क (सुपरमॅनचं पेपरातलं रूप) असताना पोक काढून, आवाज बारीक करून वावरतो. एका प्रसंगात सहकारी बातमीदार लोइसची पाठ असताना चष्मा काढून नुसता ताठ उभा राहतो आणि माणूसच बदलतो. मग धीर सुटतो, परत पोक. कपडे तेच.

आणि धागाकर्त्याला पुरवणी: क्लार्क सुरुवातीला 'डेली प्लॅनेट'मध्ये नव्हताच. १९३८ साली पेपरचं नाव 'डेली स्टार' होतं, 'प्लॅनेट' १९४० पासून. सुपरमॅनचा चित्रकार जो शुस्टर लहानपणी टोरांटोत 'डेली स्टार' नावाचाच पेपर विकायचा, तिथून ते आलं. संपादक आधी त्याला नोकरी नाकारतो. मग जमाव तुरुंगावर चालून जातो, तो सुपरमॅन होऊन कैद्याला वाचवतो आणि तीच बातमी संपादकाला देऊन नोकरी मिळवतो.

निवृत्त रात्रपाळी
म्हणजे घटना स्वतः घडवली आणि बातमी स्वतःच दिली. पुढे तर स्वतःबद्दलच्या बातम्याही स्वतःच लिहीत बसला. माझ्या डेस्कवर असता तर पहिल्या आठवड्यात घरी पाठवला असता. उडता येत असलं तरी.

जोडाक्षर, तुमचे चीफसब भले होते. मी असतो तर दुसऱ्या रात्रीच ओळखलं असतं. ज्याला टाइप येत नाही तो कळफलकाकडे बघतो. ज्याला येतं आणि लपवायचंय, तो आजूबाजूला बघतो.

जोडाक्षर
काका, हे सात महिने आधी सांगायला हवं होतंत 😄

वेलांटी
मी मुद्रितशोधक. त्याच पेपरच्या रविवार पुरवणीत माझ्या कविता यायच्या, टोपणनावाने. नोकरी लागल्यावर सांगायचं राहिलं, आणि मग 'आता कसं सांगायचं' होऊन बसलं.

एके दिवशी पुरवणीचं प्रूफ माझ्याकडे. त्यात माझीच कविता. शेजारचे गृहस्थ वाकून वाचतात आणि म्हणतात, "काय रडगाणं आहे, कोण लिहितं हे?" मी म्हटलं, असेल कोणी. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. त्या कंपोझच्या नव्हत्या, माझ्याच होत्या. लाल पेनने नीट गोल करून दुरुस्त केल्या, समासात खूण केली. आणि शेवटची ओळही काढून टाकली. अधिकार नव्हता, पण ती ओळ खरंच वाईट होती. पुरवणीच्या संपादकांनी कवयित्रीला (म्हणजे मलाच) पत्र पाठवलं, मुद्रणदोषाने एक ओळ गळाली, क्षमस्व. ते पत्र अजून आहे माझ्याकडे.

चष्मिश
@वेलांटी 😂😂 ती ओळ टाका ना इथे.

वेलांटी
नाही.

पानलावे
माझं उलटं आहे. मी शक्ती नाही, उणीव लपवली. मला लाल-हिरवा नीट कळत नाही आणि मी पेपरची पानं लावायला लागलो. मुलाखतीत कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही.

चालवलं आकड्यांवर. छपाईच्या शाईत मॅजेंटा (गुलाबी) १०० आणि यलो १०० टक्के म्हणजे लाल. सायन (निळसर) १०० आणि यलो १०० म्हणजे हिरवा. माणसाच्या चेहऱ्यावर सायन वाढला की तो आजारी दिसणार, हे मला दिसत नाही, पण आकड्यात वाचता येतं. फोटोवर कर्सर ठेवायचा, गाल, कपाळ, पांढरा शर्ट, तिन्ही ठिकाणचे आकडे बघायचे. बाकीचे पडद्यावर विश्वास ठेवायचे आणि पडदे सगळे वेगवेगळे. पुढे पुढे लोक मलाच विचारायला यायचे, "हा रंग छपाईत कसा येईल रे?" साहेब सगळ्यांना सांगायचे, ह्याची नजर बघा.

सहकाऱ्याला कळलं ते माझ्या मोज्यांवरून. एक लाल, एक हिरवा.

मधली सुट्टी
मोजे 😂 अहो पानलावे, क्लार्कची तरी वेगळी काय गत? पहिल्याच अंकात लोइस त्याला तोंडावर भित्रा म्हणते.

तेल लावलेला भांग
सगळे सुपरमॅन सुपरमॅन करताय, आमच्या गंगाधरला विसरलात? शक्तिमान, १९९७, दूरदर्शन! 'आज की आवाज'मध्ये फोटोग्राफर. पुढे आलेले दात, चष्मा, आणि ते 'पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री' एका दमात. मी नोकरीत पहिल्या दिवशी ओळख करून देताना आडनावाआधी चुकून तेच म्हणणार होतो.

निवृत्त रात्रपाळी
स्पायडरमॅनही स्वतःचेच फोटो पेपरला विकायचा. ह्या सगळ्या मंडळींना पेपरच का लागतो? बँकेत जा की.

तेल लावलेला भांग
बँकेत पाच मिनिटं गायब झालं तर लगेच कळतं काका. पेपरात दोन तास गायब झालं तरी सगळ्यांना वाटतं, बातमीला गेलाय.

निवृत्त रात्रपाळी
हे मात्र खरं. आमचा एक बातमीदार असा रोज दुपारी बातमीला जायचा. झोपायला.

इन्स्क्रिप्टवाला
जोडाक्षर, कळफलक कुठला, रेमिंग्टन की इन्स्क्रिप्ट? कारण रेमिंग्टनवर दोन बोटांचं नाटक जमणं शक्य नाही. तिथे जोडाक्षरं अर्ध्या तुकड्यांनी करावी लागतात.

जोडाक्षर
रेमिंग्टनच. म्हणून तर मान दुखायची.

इन्स्क्रिप्टवाला
इन्स्क्रिप्ट शिकला असता तर ही वेळ आली नसती.

वेलांटी
झालं सुरू. कळफलकाचं भांडण दुसऱ्या धाग्यावर करा.

अनामिका ३
वाचत होते, लिहिणार नव्हते. नवी नोकरी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात कळलं की दिवस राहिलेत. प्रोबेशनवर होते. पाचवा महिना लागेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मोठी ओढणी, फाइल कायम पोटाशी, आणि उलटी आली की "फोन आलाय" म्हणून जिन्यात. रिकामा फोन कानाला लावून बोलायचे सुद्धा, कोणी वरून आलं तर. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, मला वाटलं तुम्हाला फाइल फार आवडते.

मुलगी आता नववीत आहे.

वेलांटी
🤗

पानलावे
ताई, तुमच्यापुढे आमचे मोजे काहीच नाहीत.

जोडाक्षर
अनामिकाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलाला वाचून दाखवलं. तो विचारतोय, रिकाम्या फोनवर काय बोलायचात?

अनामिका ३
"हो. हो. बघते. सांगते." एवढंच. अजून घरी कोणी नको ते काम सांगितलं की हेच म्हणते.

घाईत
आले आले. कपडे झाले. तर माझा किस्सा असा की मी जिथे लागले तिथे कोणालाच माहीत नव्हतं की मला

घाईत
अर्धवट गेलं, सॉरी. लाइट गेली, मोबाइल चार टक्के. उद्या लिहिते नक्की.

चष्मिश
अहो काय येत होतं तुम्हाला???