गरजवंताला अक्कल नसते. मग घेणाऱ्याने किती दाबायचं?

कांदिवलीकर
ओळखीच्या ब्रोकरने परवा बोरिवली पूर्वेला एक वन बीएचके दाखवला. जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. मालकाचा धंदा बसलाय, हप्ते थकलेत, बँकेची 60 दिवसांची नोटीस हातात पडलीय. सांगतोय एक कोटी पाच लाख. जिना उतरताना ब्रोकर हळूच म्हणाला, "नव्वदला अडून बसा साहेब, पंधरा दिवसांत खाली येतोय."

माझं मत: बसावं. मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के, वर नोंदणीचे 30 हजार, दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी. बाजारभावाने घेतलं तर पहिल्याच दिवशी सात-आठ टक्के खड्ड्यात. भाडं सुटतं वर्षाला किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास. अशा शहरात फायदा खरेदीच्या वेळीच काढावा लागतो, आणि तो मिळतो फक्त घाईत असलेल्या माणसाकडून. कर्ज काढ असं त्याला मी सांगितलं नव्हतं. कोणाला यात गैर दिसत असेल तर कारण सांगा, नुसतं "तळतळाट लागेल" नको.

मुलुंडची_सून
तळतळाटाचं राहू द्या, कारणच सांगते. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही जुनी खोली विकली. घेणाऱ्याने भाव ठरवला, टोकन दिलं, आम्ही बाकीची गिऱ्हाइकं परत पाठवली. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या टेबलाशी फाईल लावत असताना म्हणतो, "चार लाख कमी करा, नाहीतर पुढच्या महिन्यात बघू." हॉस्पिटलात पैसे भरायची तारीख त्याला माहीत होती. घर बघायला आला तेव्हा चहा देताना आम्हीच सांगितली होती. नवऱ्याने मुकाट सही केली.

पहिल्या बैठकीत कमी भाव सांगा, हरकत नाही. समोरच्याला नाही म्हणायची सोय असते. त्याचे बाकीचे रस्ते बंद होईपर्यंत थांबून मग भाव पाडायचा, हे मला पटत नाही. तुमचा ब्रोकर हेच शिकवतोय.

गिरगावचा_भाऊ
ताई, तुमचं वाईट झालं, मान्य. पण टोकन घेऊन शब्द फिरवणं आणि अडून बसणं यात फरक आहे. कांदिवलीकरांनी अजून शब्द दिलाच नाहीये.

आणि घेणाऱ्याच्या अडचणीवर कोणी धागा काढत नाही! नव्या टॉवरच्या लाँचला जाऊन बघा. एसी हॉल, "हा रेट आज सात वाजेपर्यंतच", आणि आपला माणूस बायकोकडे बघत चेकबुक काढतो. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यातच आहे. किती जणांना त्या हॉलमध्ये आठवतं? 2020 ला मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत 2 टक्के केलं तेव्हाही तेच. पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये ते 3 टक्केच होतं, पण एका टक्क्यासाठी लोकांनी कागद न वाचता घरं घेतली. तेव्हा आपल्यावर कोणी दया केली होती?

मुलुंडची_सून
बिल्डरने आपले कान कापले म्हणून आपण बोरिवलीवाल्याचे कापायचे?

पार्ले_पूर्व
घाई नेहमी कंगालपणाचीच असते असं नाही. आम्ही आईचं घर विकलं. नफ्यावरचा कर वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं. शेवटचे चार महिने राहिले तेव्हा ब्रोकरला ते बोलून गेलो, आणि त्यानंतर प्रत्येक मालक अडून बसायला लागला. तारीख कोणालाच सांगू नये, एवढंच म्हणतो.

हिशेबी_नाना
पाप-पुण्याचं तुम्ही बघा. कांदिवलीकर, तुम्ही सांगितलेली नोटीस सरफेसीची दिसतेय, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी गहाण घर बँकेला विकू देणाऱ्या कायद्याची. ती मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला ते घर विकताच येत नाही. ब्रोकरने हे सांगितलं? नसेल, तर तुम्ही ज्याच्याशी घासाघीस करताय त्याच्या एकट्याच्या हातात काहीच नाही.

दुसरं, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण थकबाकी भरली तरच घर सोडवायचा हक्क राहतो. तुम्ही पंधरा-पंधरा दिवस ताणत बसलात आणि मधे लिलाव लागला, तर त्याचं घर जाईल आणि तुमचा सौदाही. मग लिलावातच बोली लावायची. तिथे अनामत धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, बाकी पंधरा दिवसांत. मुदतवाढ मिळू शकते, पण तिच्या भरवशावर बोली लावायची नसते. गृहकर्ज इतक्या झटकन मंजूर होतं का, तुम्हीच सांगा.

तिसरं, रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला त्या भागातला दर, बघितलात? समजा रेकनरने घराची किंमत 1 कोटी 2 लाख येते आणि तुम्ही 90 लाखांना घेतलं. फरक 10 टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे वरचे सगळे 12 लाख आयकरवाले तुमचं उत्पन्न धरणार. मुद्रांकही रेकनरवरच, आणि विकणाऱ्याचा नफाही त्याच किमतीवर मोजणार. उरलेले रोख देऊ म्हणाल, तर घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावरची रोकड चालत नाही, रोकड स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढाच दंड. दाबून मिळवलेलं स्वस्त असं हळूहळू झिरपून जातं.

कांदिवलीकर
नाना, बँकेच्या संमतीचं ब्रोकरने खरंच सांगितलं नव्हतं. आज मालकाला सरळ फोन केला. थकबाकी 61 लाख सांगतोय.

पण भावाबद्दल मत तेच. माझी ऑफर 96. त्यातले 61 थेट बँकेत, संमतीचं पत्र हातात आल्यापासून दहा दिवसांत. त्याला भाव कमी मिळेल, पण खात्रीचा. आणि ताई, सहीच्या दिवशी भाव बदलणार नाही, हे एमओयूमध्ये, म्हणजे आधीच्या लेखी समजुतीत, लिहून देतो.

मुलुंडची_सून
लिहून देणार असाल तर 96 ला माझी हरकत नाही. त्याला दोन दिवस विचार करू द्या. घरात अजून कोणीतरी असेल, ज्याला विचारावं लागतं.

हिशेबी_नाना
कर्जदार म्हणून सहीला बायको आहे का बघा. असेल तर दोघांची संमती. आणि 61 त्याच्या तोंडचे झाले. दंडव्याज, वकिलाचा खर्च धरून बँक काय आकडा सांगते तो लेखी मागवा, मगच 96 चं बोला.

गिरगावचा_भाऊ
एवढा कुटाणा असेल आणि तुमचं जमत नसेल, तर ब्रोकरचा नंबर इकडे द्या.