परसातला माळा

बंडूदादा: सगळ्यांना नमस्कार. मे महिन्यात सातही पोरं राजापूरला येणार, तर परसातल्या रायवळ आंब्यावर त्यांच्यासाठी घर बांधू या. चित्र टाकलंय, बघा. जमिनीपासून 12 फूट, लोखंडी अँगल, खोडात जाड बोल्ट. खर्च माझा.

मीनल वहिनी: भावजी, 12 फूट? धाकटी चार वर्षांची आहे.

विद्याआत्या: मी जांभळावरून पडले तेव्हा जेमतेम आठ फुटांवर होते. कचकन फांदी मोडली. तो हात अजून पावसाळ्यात ठणकतो. पण नको असं नाही म्हणत मी. आमच्या ठाण्यात झाडाची फांदी छाटायची तरी 1975 च्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मुलांना झाड लांबूनच बघायला मिळतं. घरी तरी चढू देत.

बंडूदादा: आत्या, म्हणूनच जांभूळ धरलं नाही. फणसही नको, मे महिन्यात वीस-तीस किलोचा फणस डोक्यावर आला तर?

नानाकाका: बंडू, दोन फोटो टाकलेत, नीट बघ. पहिल्यात खिळा दिसतोय, त्यावर आमच्या लहानपणी कंदील टांगायचे. झाड एवढं वाढलं, पण खिळा होता त्याच उंचीवर आहे. खोड जाडीने वाढतं, वर सरकत नाही. दुसरा फोटो कपडे वाळत घालायच्या तारेचा. तार दिसते का? नाही दिसणार. खोडाने गिळली. तिथे आवळल्यासारखी खाच पडली आहे आणि दरवर्षी डिंक गळतो. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं, ती वाट आपण आवळली.

बंडूदादा: तारेचं पटलं. पण एखादा जाड बोल्ट झाड सोसतं नाना, भोवती साल भरून येते.

नानाकाका: तरण्या झाडाचं खरं आहे. हा आंबा माझ्या आजोबांच्या हातचा, पूर्वेकडून पोकळ झालाय. त्या ढोलीत राघूंची जोडी ये-जा करते आहे. शिवाय वाऱ्यावर फांद्या वेगवेगळ्या हलतात. दोन फांद्यांना घट्ट जखडलेलं घर एक तर स्वतः खिळखिळं होईल, नाही तर फांदी फाडेल. माझं म्हणणं, माळा स्वतःच्या चार पायांवर उभा करू. शेतात राखणीला घालायचो तसाच. पश्चिमेच्या बाजूने, एक फांदी मधून वर जाऊ दे, तिच्याभोवती चार बोटं मोकळी जागा. पाच फूट उंची पुरे. मुलांना झाडात बसल्यासारखंच वाटेल.

मी: पाय जमिनीत पुरायचे? वाळवी लागेल.

नानाकाका: चिऱ्यावर ठेवायचे. तिरके टेकू दिले की हलत नाहीत.

बंडूदादा: ठीक आहे नाना. मग बांबूचाच करू. मी एप्रिलमध्ये येऊन तोडतो.

नानाकाका: एप्रिलपर्यंत थांबू नको. तोड थंडीतलीच, तीन वर्षांची जून काठी. कोवळी काठी आतून पोखरते, पीठ पडतं. पंधरा-वीस दिवस पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग सावलीत वाळवायची. सांधे सुंभाने बांधू.

मीनल वहिनी: कठड्याच्या काठ्या उभ्या लावा. आडव्या लावल्या तर मुलं शिडी करतात. आणि दोन काठ्यांत चार इंचांपेक्षा कमी फट, डोकं अडकायला नको.

विद्याआत्या: खाली वाळक्या पानांचा पातेरा पसरा ना, पडलं तरी लागणार नाही.

नानाकाका: पातेऱ्यात साप बसतो गं. वाळू टाकतो, फूटभर जाड. दगड वेचून घेतो.

मी: पावसाळ्यात?

नानाकाका: मृगाच्या आधी उतरवायचा. 7 जूनच्या आत सगळं पडवीत. काठ्या टिकल्या तर दिवाळीला परत. मुलं जायच्या आधी त्यांच्याच हातून सोडवू, गाठी कशा मारल्या ते कळेल.

बंडूदादा: नाना, मी पुढच्या शनिवारी येतो. एकट्याने काठ्या ओढू नका.

नानाकाका: ये. वीस काठ्या लागतील. सगळ्यांनी मुलांची उंची मोजून टाका.

मीनल वहिनी: धाकटी 3 फूट 3 इंच. सगळ्यांत उंच आमचा मोठा, 4 फूट 7.

नानाकाका: मग कठडा सव्वातीन फूट. फट धाकटीच्या मापाने, उंची मोठ्याच्या.