तीन माणसांच्या दुकानाला इमेज स्कॅनर हवाच कशाला?

काटापावती (पांढरकवडा)

राम राम मंडळी. भांडण लावायलाच धागा काढतोय, आधीच सांगून ठेवतो.

आमचं दुकान तिघांचं. चार जिनिंगना काट्याचं सॉफ्टवेअर देतो: वजन, पावती, शेतकऱ्याचा चुकारा. सगळं कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात; त्या डब्याचा साचा म्हणजे इमेज. इमेज ठेवायला ऑफिसातल्याच एका जुन्या सर्व्हरवर हार्बर हे इमेजचं कोठार (रजिस्ट्री) बसवलंय. ते बसवताना ट्रिव्हीचा पर्याय दिला की इमेजमधली सुरक्षेची माहीत असलेली भोकं शोधणारा स्कॅनरही शेजारी आणखी एक कंटेनर म्हणून उभा राहतो. फुकट मिळतोय म्हणून घेतला, खरं कारण तेवढंच.

मागच्या हंगामात ऐन डिसेंबरात रात्री लाइन गेली. आली ती दणक्यात आली आणि एका जिनिंगच्या काट्यावरच्या पीसीची डिस्क बसली. सकाळी दुसरा पीसी लावून इमेज ओढायला गेलो, तर हार्बर म्हणतं, इमेजमध्ये 'हाय' दर्जाची सीव्हीई (क्रमांक देऊन जाहीर झालेलं भोक) आहे, प्रोजेक्टच्या धोरणानुसार ओढता येणार नाही. इमेज तीच! आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच काट्यावर चालू होती, दोन महिन्यांत तिला कुणी हात लावलेला नाही. झालं असं की रात्री दोनला ठरल्याप्रमाणे 'स्कॅन ऑल' चाललं, आणि तोवर स्कॅनरच्या डेटाबेसात बेस इमेजमधल्या (ज्या तयार डेबियन लिनक्सवर आमची इमेज रचलीय तिच्यातल्या) एका एक्सएमएल लायब्ररीची नवी नोंद आली होती. आमचा प्रोग्राम एक्सएमएल वाचतसुद्धा नाही. आणि डेबियननं तिची दुरुस्तीही तोवर काढलेली नव्हती, म्हणजे मी करणार काय होतो?

ते धोरण बंद करायला ॲडमिन पासवर्ड हवा. तो पार्टनरकडे. पार्टनर लग्नाला आर्णीला, फोन लागत नाही. तोवर कापसाच्या बैलबंड्या आणि मेटॅडोर गेटाबाहेर रस्त्यापर्यंत. जिनिंगच्या मालकानं जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

तर माझं मत असं: आमच्यासारख्यांनी स्कॅनर चालवू नये. दर सोमवारी ताजी बेस इमेज ओढावी, सगळं नव्यानं बिल्ड करावं (इमेज पुन्हा बनवावी), पाठवून द्यावं. त्या प्रसंगानंतर आम्ही तेच करतोय. दुरुस्त्या आपोआप येतात. स्कॅनरचा अहवाल दोनशे ओळींचा असतो आणि तो वाचायला आमच्याकडे माणूस नाही.

संत्राबाग (वरुड)

राजेहो, तुम्ही शिव्या कोणाले देऊन राहिले? ट्रिव्हीनं फक्त यादी देल्ली. अडवलं हार्बरनं. आन थो 'ओढू देऊ नका'वाला चौकोन कोणी टिक केला होता?

काटापावती

मीच. एका गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं, स्क्रीनशॉट चांगला दिसावा म्हणून.

संत्राबाग

मंग झालं. कुत्रा तुम्हीच सोडला, चावला म्हणून बोंबलता काहून?

शून्यमैल (नागपूर)

चेष्टा बाजूला. 'सोमवारचं बिल्ड' हा उपाय अर्धाच आहे, आणि लोक तो पूर्ण समजतात म्हणून जरा लांब लिहितो.

नव्यानं बिल्ड केलं की डेबियनची पॅकेजं ताजी होतात, बरोबर. पण तुमच्या ॲपमधली जार (जावाच्या लायब्ररीची फाइल) आणि एनपीएमची लॉक फाइल (जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांची यादी)? त्यात जी आवृत्ती बांधून ठेवलीय तीच दर सोमवारी पुन्हा येणार. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल आठवा, सीव्हीई-२०२१-४४२२८. लॉगफोरजे २ या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीच्या २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत भोक. २.१५.० काढली, ती पुरली नाही, मग २.१६.०, मग २.१७.०, महिना संपता संपता २.१७.१. ती लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत नव्हतीच. ती जारच्या पोटातल्या जारमध्ये होती. तेव्हा आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न 'दुरुस्त कसं करायचं' हा नव्हता, 'आपल्याकडे आहे कुठं' हा होता. दोन दिवस आम्ही हातानं जार उघडत बसलो होतो. स्कॅनर त्यानंतर घेतला.

तुमचा गैरसमज आणखी एक. इमेज बदलली नाही म्हणून ती सुरक्षित राहिली असं नसतं. इमेज आहे तशीच राहते, तिच्याबद्दलची माहिती वाढते. त्या रात्री दोनला स्कॅनरनं नेमकं हेच सांगितलं. चुकीच्या वेळी सांगितलं, पण खोटं सांगितलं नाही.

आणि दुरुस्तीच नसलेल्या नोंदींसाठी हार्बरच्या ट्रिव्ही सेटिंगमध्ये 'इग्नोर अनफिक्स्ड' आहे. ते लावलं असतं तर तुमची इमेज त्या दिवशी अडलीच नसती. नाहीतर प्रोजेक्टच्या अलाउलिस्टमध्ये (सूट दिलेल्यांच्या यादीत) तेवढी एक सीव्हीई टाकायची. तिला मुदतही घालता येते.

काटापावती

मुदत घातली की ती हंगामातच संपणार, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. आणि 'इग्नोर अनफिक्स्ड' लावायचं म्हणजे ज्या भोकाला ठिगळ नाही ते बघायचंच नाही. मग तो स्कॅनर कसला?

शून्यमैल

बघायचं. अडवायचं नाही. दोन्ही एकाच सेटिंगमधून होत नाही ही हार्बरची अडचण आहे, तेवढं मान्य.

रेंजनाही (मेळघाट)

नागपूरवाल्यांना फायबर आहे म्हणून बोलणं सोपं जातं. मी धारणीकडे एका संस्थेचं काम बघतो. मोबाईलचं इंटरनेट, तेही खिडकीत फोन ठेवला तर.

ट्रिव्हीचा डेटाबेस दर सहा तासांनी नवा बनतो आणि २०२४ मध्ये तो गिटहबच्या रजिस्ट्रीतून उतरत असे. जावाचा डेटाबेस वेगळा, आणि तो बराच मोठा. २०२४ च्या शेवटी तर तिथं इतकी गर्दी झाली की चांगल्या नेटवाल्यांनाही 'टू मेनी रिक्वेस्ट्स' येत होतं. आमच्या इथं डाउनलोड अर्ध्यावर तुटतं, स्कॅन फेल, इमेजवर लाल शेरा. आणि ते अडवण्याचं धोरण चालू असेल तर स्कॅन न झालेली इमेजही हार्बर ओढू देत नाही! म्हणजे सीव्हीई नसली तरी अडकलात.

मग मी 'स्किप अपडेट' चालू केलं आणि अमरावतीहून येताना डेटाबेस पेन ड्राइव्हवर आणायला लागलो. चाललं छान. पावसाळ्यात घाटातला रस्ता बंद, दोन महिने फेरी नाही. स्क्रीन मात्र रोज हिरवीगार. ज्या स्कॅनरला दोन महिन्यांपूर्वीचंच माहीत आहे, तो 'काही सापडलं नाही' म्हणतो त्याचा अर्थ काय घ्यायचा? त्यापेक्षा स्कॅनर नसलेला बरा. निदान आपण निर्धास्त तरी राहत नाही.

म्हणून मत काटापावती यांच्या बाजूनं.

झाडीपट्टी (साकोली)

रेंजनाही भाऊ, दुखणं बरोबर सांगितलंत, औषध चुकलं.

क्लेअर हा दुसरा स्कॅनर कसा बांधलाय ते बघा. त्यात दोन कामं वेगळी केलीत. इंडेक्सर इमेजचे थर उघडतो आणि आत कोणती पॅकेजं आहेत त्याची यादी करून ठेवतो. प्रत्येक थराला स्वतःचा हॅश (ओळखीचा ठसा) असतो, त्यामुळे एकदा पाहिलेला थर पुन्हा उघडावा लागत नाही. मॅचर ती यादी सीव्हीईंशी ताडून बघतो. नवी सीव्हीई आली की इमेजला हात लावायचं कामच नाही, यादी पुन्हा ताडली की झालं. जिथं नेटच नाही तिथं दुसरीकडे नोंदी एक्स्पोर्ट करून आत इम्पोर्ट करायची सोय क्लेअरमध्येही आहे, पण तुमची पेन ड्राइव्ह नको म्हणूनच तर हे लिहितोय.

हीच युक्ती ट्रिव्हीनंही करता येते. बिल्ड झालं की इमेजची एसबीओएम काढा, म्हणजे आत काय काय आहे त्याची फाइल. इमेज शेकडो एमबीची असते, ही फाइल व्हॉट्सॲपनं जाईल एवढी. ती नागपूरला कुणाकडे, किंवा एखाद्या स्वस्त क्लाउड मशीनवर ठेवा. तिथं ट्रिव्ही रोज ताज्या डेटाबेसानं ती तपासेल. धारणीच्या डोंगरात स्कॅनर चालवायचा हट्टच कशाला?

रेंजनाही

हे सुचलं नव्हतं. पण मग मूळ प्रश्नाचं उत्तर 'स्वतः चालवू नका' असंच झालं की नाही?

झाडीपट्टी

'तिथं चालवू नका' असं झालं.

दगडीपूल (अचलपूर)

मधेच एक. 'कंटेनरमधला स्कॅनर' म्हणून नेटवरचा कुठलाही नमुना चिकटवताना त्यात डॉकरचं (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामचं) सॉकेट, म्हणजे त्याला हुकूम द्यायची वाट, आत दिलेलं आहे का ते बघा. ते ज्या कंटेनरला दिलं त्याला अख्ख्या मशीनवर रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, हक्क दिल्यासारखंच असतं. घराचं कुलूप तपासायला आलेल्याला तिजोरीची किल्ली. रजिस्ट्रीतली इमेज तपासायला सॉकेट लागतच नाही, फक्त ओढण्याचा हक्क असलेलं रोबोट अकाउंट पुरतं.

आणि ज्यांना स्कॅनर सर्वज्ञ वाटतो त्यांच्यासाठी: पॅकेज मॅनेजरला वळसा घालून कुणी सी मधली एखादी लायब्ररी हातानं कॉपी करून टाकली असेल, तर ती डीपीकेजीच्या (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरच्या) यादीत नसते. त्या यादीवर चालणाऱ्या स्कॅनरला ती दिसत नाही. आमच्याकडे काट्याच्या सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर असाच टाकलेला होता.

संत्राबाग

दगडीपूलभाऊ, काट्याचा ड्रायव्हर सगळ्यांनीच तसा टाकला हाय. कबूल कोणी करत नाही.

काटापावती

बरं. सगळं वाचलं, रविवारी सर्व्हरवर बसलो.

अडवण्याचं धोरण काढलं. शून्यमैल, यावर मी हटत नाही. जिनिंगचा काटा हंगामात थांबला तर नुकसान आजचं आणि नक्की. एक्सएमएलच्या भोकातून कुणी त्या पीसीत शिरेल हे फार तर उद्याचं आणि कदाचितचं. त्या पीसीचं कुठलंही पोर्ट बाहेर उघडं नाही. पतसंस्थेचं काम मिळालं तर तिथं हिशोब वेगळा लागेल, तेही मान्य.

झाडीपट्टींची यादीवाली युक्ती केली. सहा इमेजच्या सहा फायली. पहिल्याच तपासणीत पावती छापणाऱ्या इमेजमध्ये लॉगफोरजे २.११ निघालं. २०१९ साली एका मुलानं कुठूनतरी जार आणून टाकली होती, तो आता पुण्यात आहे. आमची सोमवारची बिल्डं ती जार दर आठवड्याला निष्ठेनं पुढे पाठवत होती. शून्यमैल यांनी हसू नये.

रात्रीचा ताजा अहवाल एकशे चाळीस ओळींचा आहे. त्यातलं दुरुस्ती असलेलं आणि 'हाय'च्या वरचं तेवढं काढलं की अकरा उरतात. अकरा मी वाचू शकतो. पण दर सोमवारी वाचीन का, ते कापूस सुरू झाल्यावर विचारा.

संत्राबाग

आन ॲडमिन पासवर्ड? थो अजून पार्टनरकडेच हाय का?

काटापावती

लिफाफ्यात घालून जिनिंगच्या मुनीमजींच्या कपाटात ठेवलाय. दगडीपूल, तुम्ही काही बोलू नका.